नंदाखालचे ऋतुमान : चार महिन्यांचा पाऊस आणि आठ महिन्यांचे पाणी

प्रास्ताविक

एखाद्या गावाच्या हवामानाचे वर्णन करावयाचे झाल्यास तापमान, पर्जन्यमान, आर्द्रता व वारे या चार घटकांची सरासरी आकडेवारी मांडण्याचा प्रघात आहे. ही आकडेवारी आवश्यक असली तरी तेवढ्याने त्या गावाचे ऋतुमान उलगडत नाही. आकाशातून किती पाणी पडते हा हवामानाचा एक भाग झाला. पडलेले पाणी त्या भूमीत किती काळ टिकून राहते, हा त्याचाच दुसरा भाग होय. ज्या प्रदेशात वर्षाचा जवळजवळ सर्व पाऊस चार महिन्यांत पडतो व उरलेले आठ महिने कोरडे जातात, तेथे या दुसऱ्या भागाचे महत्त्व पहिल्याइतकेच असते.

पालघर जिल्ह्याच्या वसई तालुक्यातील नंदाखाल हे गाव या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. सोळाव्या शतकापासून ख्रिस्तमंदिराची परंपरा असलेले, केळी, नारळ, पानवेल, फुले व भाजीपाला यांच्या वाड्यांसाठी ओळखले जाणारे हे गाव आज वसई-विरार या झपाट्याने वाढलेल्या शहराच्या कडेला उभे आहे. प्रस्तुत लेखात नंदाखालच्या हवामानाची कारणमीमांसा, ऋतूंचा क्रम, भूजलाशी असलेले ऋतूंचे नाते व अलीकडे त्यात होत असलेले बदल यांचा क्रमाने विचार केला आहे.

स्थान व भूरचना

नंदाखाल सुमारे १९ अंश २७ मिनिटे उत्तर अक्षांशावर वसले आहे. विरार रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस सुमारे चार किलोमीटर अंतरावर हे गाव असून आगाशी, बोळिंज, उमराळे, राजोडी, सत्पाळा ही त्याच्या परिसरातील गावे होत. राजोडीचा समुद्रकिनारा गावापासून दोन-तीन किलोमीटरांवर आहे. म्हणजे नंदाखाल थेट लाटांच्या काठी वसलेले नाही. परंतु समुद्राच्या प्रभावाबाहेरही नाही.

वसईचा हा भूभाग तिन्ही बाजूंनी खाऱ्या पाण्याने वेढलेला आहे. पश्चिमेस अरबी समुद्र, उत्तरेस वैतरणेची खाडी व दक्षिणेस वसईची खाडी. पूर्वेस तुंगारेश्वरचे डोंगर असून त्यांची उंची सहाशे मीटरांहून अधिक आहे. समुद्र आणि डोंगर यांच्यामधील पट्टा सपाट व सखल आहे. समुद्राने पूर्वी टाकलेल्या वाळूचे लांबट उंचवटे व त्यांच्या मधल्या सखल जागा अशी या पट्ट्याची रचना असून, सामान्यतः उंचवट्यांवर वस्ती व वाड्या आणि सखल भागात भातशेती अशी जमिनीची विभागणी पूर्वापार झालेली आहे. ही विभागणी योगायोगाने झालेली नाही. कोणत्या जागी पाणी साचते आणि कोणत्या जागी मुरते, याच्या शतकानुशतकांच्या निरीक्षणातून ती सिद्ध झाली आहे.

आकडेवारीचा आधार

भारतीय हवामान विभागाच्या वेधशाळांपैकी नंदाखालला जवळची वेधशाळा मुंबईतील सांताक्रूझची होय. ती सुमारे चाळीस किलोमीटर दक्षिणेस आहे. उत्तरेस सुमारे साठ किलोमीटरांवर डहाणूची वेधशाळा आहे. नंदाखाल या दोहोंच्या दरम्यान येत असल्याने तापमान व ऋतूंच्या तारखा यांसाठी या नोंदींचा आधार घेता येतो. सांताक्रूझ येथे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी सुमारे २३०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यापैकी एकट्या जुलैचा वाटा एक-तृतीयांशाहून अधिक आहे. मुंबईकडून डहाणूकडे जाताना पावसाचे प्रमाण काहीसे घटत जाते. नंदाखालचे पर्जन्यमान त्यामुळे ढोबळमानाने २००० मिलिमीटर वा त्याहून काही अधिक धरणे सयुक्तिक ठरते.

पावसाच्या बाबतीत मात्र शेजारच्या वेधशाळेवर फार भिस्त ठेवता येत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी त्याच शहरातील कुलाबा येथे केवळ ७३ मिलिमीटर पाऊस पडला. वीस-पंचवीस किलोमीटरांच्या अंतरात इतका फरक पडू शकतो, तेथे चाळीस किलोमीटरांवरील नोंदीवरून नंदाखालच्या एखाद्या दिवसाचा पाऊस सांगणे धाडसाचे होईल. सरासरीसाठी वेधशाळा दूर असली तरी चालते; एकेका दिवसासाठी मात्र पर्जन्यमापक गावातच असावा लागतो. हा मुद्दा समारोपात पुन्हा विचारात घेतला आहे.

उन्हाळा : खारे आणि मतलई वारे

मार्च ते मे हा येथील उन्हाळा. मे महिन्याच्या मध्यानंतर एक-दोन दिवसांत मध्यान्हीचा सूर्य येथे थेट डोक्यावर येतो व उभ्या वस्तूची सावली क्षणभर नाहीशी होते. तरीही नंदाखालचा मे महिना विदर्भासारखा भाजणारा नसतो. सांताक्रूझ येथे मे महिन्यातील कमाल तापमानाची सरासरी सुमारे ३३ ते ३४ अंश सेल्सिअस असते. नागपूर, चंद्रपूर येथे त्याच महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर असतो. या फरकाचे कारण समुद्र होय.

जमीन लवकर तापते व लवकर निवते. पाणी सावकाश तापते व सावकाश निवते. दुपारी जमिनीवरील हवा तापून वर जाऊ लागली की तिची जागा घेण्यासाठी समुद्रावरील थंड हवा किनाऱ्याकडे वाहू लागते. हेच खारे वारे. रात्री जमीन समुद्रापेक्षा अधिक थंड झाल्यावर वाऱ्याची दिशा उलटते व जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहू लागतात. नंदाखालसारख्या किनाऱ्याजवळच्या गावात खारे वारे दुपारपूर्वीच पोहोचतात व तापमानाची वाढ रोखून धरतात. मात्र ते येताना बाष्प घेऊन येतात. म्हणून येथील उन्हाळ्यात तापापेक्षा घामाचा त्रास अधिक जाणवतो. किमान तापमान २६-२७ अंशांखाली उतरत नसल्याने रात्रीही उकाडा कायम राहतो.

एखाद्या दिवशी पूर्वेकडून जमिनीवरचे कोरडे वारे जोराने वाहत राहिले, तर खारे वारे उशिरा येतात किंवा येतच नाहीत. अशा दिवशी किनाऱ्यावरही पारा झपाट्याने चढतो. सांताक्रूझचे आजवरचे सर्वोच्च तापमान ४२.२ अंश हे मे महिन्यातील नसून १४ एप्रिल १९५२ रोजीचे आहे, आणि २८ मार्च १९५६ रोजी तेथे ४१.७ अंशांची नोंद झाली आहे. मार्च-एप्रिलमध्ये पूर्वेकडील वाऱ्यांचा जोर संभवतो, तर मे महिन्यात समुद्रावरील वारे स्थिर होऊ लागतात, हे त्यामागील कारण आहे.

वाडीमध्ये हा उन्हाळा आणखी सौम्य होतो. वर नारळाची, मध्ये केळीची व खाली पानवेल, हळद वा भाजीपाल्याची अशी थरांची रचना असल्यास सूर्यकिरण जमिनीपर्यंत थेट पोहोचत नाहीत, आणि पानांतून होणाऱ्या बाष्पोत्सर्जनामुळे हवेतील उष्णता खर्ची पडते. वाडीतील गारवा हा केवळ भास नव्हे; ती भौतिक प्रक्रिया आहे. परंतु तिला पाणी लागते. भर मे महिन्यात जमिनीत गोडे पाणी असेल तरच ही सावली टिकते.

पावसाळा

मे महिन्याच्या अखेरीस वाऱ्याची दिशा पश्चिमेकडून नैर्ऋत्येकडे स्थिरावते, समुद्र खवळतो व मासेमारी थांबते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. हा काळ माशांच्या प्रजननाचा असला तरी समुद्राची स्थिती हेही त्यामागील एक कारण आहे. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या हे आगाशी-नंदाखालच्या परिसरात पावसाळा जवळ आल्याचे दृश्य चिन्ह होय.

हवामान विभागाने २०२० मध्ये सुधारित केलेल्या वेळापत्रकानुसार मोसमी पावसाच्या मुंबईतील आगमनाची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. पूर्वी ती १० जून होती. परंतु सरासरी तारीख म्हणजे नियम नव्हे. २०२५ साली मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला. १९५० पासूनच्या नोंदींतील हे सर्वांत लवकरचे आगमन ठरले. शेतकरी आजही नक्षत्रांच्या हिशेबाने पाऊस मोजतो. सूर्य मृग नक्षत्रात ७ किंवा ८ जूनच्या सुमारास प्रवेश करतो, व ही तारीख वेधशाळेच्या तारखेशी जवळजवळ जुळते. पुढे आर्द्रा, पुनर्वसूचा ‘तरणा’ पाऊस, पुष्याचा ‘म्हातारा’ पाऊस अशा क्रमाने जुलै महिना संपतो. साधारण तेरा-चौदा दिवसांचे एक नक्षत्र हे परिमाण पेरणी व आवणी यांच्या नियोजनास सोयीचे असल्यामुळेच ते टिकून राहिले आहे.

येथील पावसाचे प्रमाण मोठे असण्यामागे दोन कारणे संभवतात. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीच्या भिंतीला अडून वर चढतात, थंड होतात व त्यांतील बाष्प पावसाच्या रूपाने खाली येते. हा परिणाम घाटमाथ्यावर सर्वाधिक असतो. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील पुण्यात तो ७५० मिलिमीटरांच्या आसपास राहतो. दुसरे कारण असे की, पावसाळ्यात गुजरात ते केरळ या दरम्यान किनाऱ्याला समांतर असा कमी दाबाचा पट्टा वारंवार निर्माण होतो. तो सक्रिय असताना डोंगर दूर असूनही किनाऱ्यावर मुसळधार पाऊस होतो. नंदाखालच्या सपाट भूमीवरील पावसात या दुसऱ्या कारणाचा वाटा मोठा असतो.

हा पाऊस सलग पडत नाही. सांताक्रूझ येथे वर्षाचे पावसाचे दिवस, म्हणजे किमान २.५ मिलिमीटर पाऊस झालेले दिवस, सुमारे ७५ भरतात. त्यांतही थोड्याशा दिवसांत पावसाचा मोठा हिस्सा पडून जातो. मधूनमधून, विशेषतः ऑगस्टमध्ये, कमी दाबाचा मुख्य पट्टा हिमालयाच्या पायथ्याशी सरकला की कोकणात पावसाचा जोर ओसरतो व ऊन-पावसाचा खेळ सुरू होतो. या काळात ढगांच्या आच्छादनामुळे दिवसाचे तापमान ३० अंशांच्या व रात्रीचे २५ अंशांच्या आसपास राहते. दिवस-रात्रीच्या तापमानातील फरक केवळ पाच अंशांचा असतो.

पावसाळ्यात पाणी साचण्याचा प्रश्न केवळ पावसाच्या प्रमाणाशी निगडित नसून भरती-ओहोटीशीही जोडलेला आहे. या किनाऱ्यावर उधाणाच्या भरतीची पातळी साडेचार मीटरांच्या पुढे जाऊ शकते. भरतीच्या वेळी खाडीचे पाणी फुगलेले असल्याने गावातील ओहोळांना व नाल्यांना उतार उरत नाही. जोराचा पाऊस व उधाण एकाच वेळी आले, तर पाणी ओहोटी लागेपर्यंत सखल जागेतच थांबते. पूर्वी हे थांबणारे पाणी भाताच्या खाचरांत उभे राहत असे, व तेथे त्याची हानी न होता उपयोगच होत असे.

परतीचा पाऊस व ऑक्टोबरचा उष्मा

मोसमी पावसाच्या मुंबईतून परतण्याची सुधारित सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे. पूर्वी ती २९ सप्टेंबर मानली जात असे. म्हणजे नोंदींच्या आधारे पाऊस नऊ-दहा दिवस अधिक रेंगाळतो, असे मान्य करण्यात आले. हा फरक कागदावर लहान दिसला तरी शेतीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. हळवे भात सप्टेंबरअखेर तयार होते. निमगरवे व गरवे भात त्यानंतर. हस्त व चित्रा नक्षत्रांत दुपारनंतर गडगडाटासह येणारा परतीचा पाऊस हळव्या भाताच्या कापणीवरच येऊन पडतो.

पाऊस परतल्यावर आकाश निरभ्र होते, जमीन मात्र ओलीच असते. समुद्रावरील वारे मंदावलेले असतात व ईशान्येचे कोरडे वारे अजून स्थिरावलेले नसतात. तळपते ऊन, ओली जमीन व वाऱ्याचा अभाव या तिहींच्या योगाने ऑक्टोबरचा उष्मा निर्माण होतो. कमाल तापमानाच्या दृष्टीने ऑक्टोबर हा मे महिन्याच्या बरोबरीस येतो.

हिवाळा

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत येथील हिवाळा असतो. वारे ईशान्येकडून व उत्तरेकडून वाहतात, हवा कोरडी होते. जानेवारीत सांताक्रूझचे सरासरी कमाल तापमान ३१ अंशांच्या व किमान १७ अंशांच्या आसपास असते. म्हणजे दिवस-रात्रीतील फरक जुलैच्या जवळजवळ तिप्पट होतो. उत्तर भारतात पश्चिमी प्रक्षोभ येऊन गेल्यानंतर तिकडील थंड हवा गुजरातमार्गे खाली उतरली की पारा अधिक घसरतो. २२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझ येथे ७.४ अंश इतक्या नीचांकाची नोंद झाली. पहाटे दव पडते. भात कापल्यानंतर जमिनीतील उरलेल्या ओलीवर व या दवावर वालासारखे पीक येते.

कोरडी हवा व निरभ्र ऊन यांवर या परिसरातील दोन जुने व्यवसाय उभे आहेत. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर बोंबील वाळविले जातात, आणि वाड्यांतून राजेळी जातीच्या पिकलेल्या केळ्यांची सुकेळी केली जाते. सोललेली केळी उन्हात काही दिवस सुकवून केळीच्याच वाळलेल्या पानांत बांधून ठेवली जातात. आगाशीच्या सुकविलेल्या केळ्यांचा उल्लेख इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरांतही आढळतो. कार्तिक वद्य एकादशीस सुरू होणारी जवळच्या निर्मळ गावची यात्रा हा पाऊस खात्रीने सरल्याचा लोकमानसातील पुरावाच होय. मात्र ही खात्री अलीकडे ढळू लागली आहे. डिसेंबर २०१७ मधील ‘ओखी’ चक्रीवादळाच्या वेळी व पुन्हा डिसेंबर २०२१ च्या प्रारंभी मुंबई-वसईच्या पट्ट्यात ऐन हिवाळ्यात पाऊस झाला. अशा पावसाने सुकत घातलेली मासळी भिजते, आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे व भुरी यांचा प्रादुर्भाव संभवतो आणि फुलांची प्रत घसरते.

जमिनीखालचा ऋतू

येथवर वर्णिलेले ऋतू जमिनीच्या वरचे होत. नंदाखालमध्ये आणखी एक ऋतुचक्र जमिनीखाली चालते. समुद्राजवळच्या भूमीत खोलवर खारे पाणी असते व पावसाचे मुरलेले गोडे पाणी त्यावर तरंगते. एक लिटर गोड्या पाण्याचे वजन १००० ग्रॅम धरल्यास समुद्राच्या पाण्याचे वजन सुमारे १०२५ ग्रॅम भरते. या पंचवीस ग्रॅमच्या फरकामुळेच गोड्या पाण्याचा थर वर राहतो. घायबेन व हर्झबर्ग या युरोपीय शास्त्रज्ञांनी मांडलेल्या नियमानुसार, भूजलाची पातळी समुद्रसपाटीच्या वर जितकी असेल त्याच्या सुमारे चाळीस पट खोलीपर्यंत गोडे पाणी असते. म्हणजे विहिरीतील पाणी समुद्रसपाटीपेक्षा एक मीटर उंच असल्यास खाली सुमारे चाळीस मीटरांपर्यंत गोडे पाणी अपेक्षित असते. खडकांच्या थरांमुळे प्रत्यक्षात हे प्रमाण तंतोतंत राहत नाही. परंतु त्यातील इशारा स्पष्ट आहे. विहिरीची पातळी पाव मीटरने खालावली, तर खारे पाणी दहा मीटरांनी वर येऊ शकते.

सप्टेंबरअखेर हा गोडा थर सर्वांत जाड असतो. त्यानंतर आठ महिने तो उपशाने, झाडांच्या शोषणाने व समुद्राकडे होणाऱ्या झिरपण्याने रोडावत जातो आणि मे महिन्यात सर्वांत पातळ होतो. नेमक्या त्याच वेळी वाडीची पाण्याची गरज सर्वाधिक असते. नंदाखालच्या शेतीचा मूळ प्रश्न जुलैत पाऊस किती पडला हा नसून मे महिन्यात विहिरीचे पाणी गोडे आहे काय, हा आहे.

बावखल : ऋतूंमधील दुवा

या प्रश्नाचे उत्तर वसईच्या पूर्वजांनी बावखलाच्या रूपाने शोधले होते. बावखल म्हणजे विहिरीपेक्षा पुष्कळ रुंद, उतरत्या काठांचे, मातीत खोदलेले डबके नव्हे तर जाणीवपूर्वक राखलेले जलाशय होय. पावसाळ्यात शेतातून व वाटांवरून वाहणारे पाणी त्यात उतरते, साठते व हळूहळू आजूबाजूच्या भूमीत मुरून भोवतालच्या विहिरींची पातळी राखते. पाणी उपसण्यासाठी रहाट असे. बैलाने ओढलेला रहाट वरच्या थरातील पाणी सावकाश उचलतो. जितके काढले जाते तितके बाजूने झिरपून येण्यास वेळ मिळतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डिझेलचे व विजेचे पंप आले. पंप थोड्या वेळात पुष्कळ पाणी खेचतो. त्यामुळे विहिरीखाली खारे पाणी शंकूच्या आकारात वर ओढले जाते. एकदा खारावलेली विहीर गोडी होण्यास अनेक पावसाळे लागू शकतात.

येथे थोडे गणित उपयुक्त ठरेल. वर्षाला २००० मिलिमीटर पाऊस धरल्यास एका गुंठ्यावर, म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटरांवर, दोन लाख लिटरांहून अधिक पाणी पडते. दरडोई दररोज १३५ लिटर हे नागरी पाणीपुरवठ्याचे प्रमाण धरले, तर पाच माणसांच्या कुटुंबास आठ कोरड्या महिन्यांत सुमारे एक लाख साठ हजार लिटर पाणी लागते. म्हणजे एका गुंठ्यावर पडलेला पाऊस साठविता आल्यास एका कुटुंबाची कोरड्या ऋतूची गरज भागते. उघड्या जलाशयातून दररोज ४ ते ५ मिलिमीटर पाण्याचे बाष्पीभवन होते असे धरल्यास आठ महिन्यांत सुमारे एक मीटर पाणी उडून जाते. म्हणून बावखल पुरेसे खोल असणे, त्याच्या काठी सावली असणे आणि त्यातील पाणी जमिनीत मुरणे या तिन्ही गोष्टी आवश्यक ठरतात. पावसाची येथे कधीच उणीव नव्हती; साठवणीची व्यवस्था हीच खरी संपत्ती होती.

बदलते आकाश, बदलती भूमी

अलीकडच्या बदलांचा विचार करताना आकाशातील बदल व भूमीवरील बदल यांत भेद करणे आवश्यक आहे. आकाशातील बदलांविषयी संशोधनाचे निष्कर्ष उपलब्ध आहेत. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील संशोधकांच्या नेतृत्वाखाली झालेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या असून त्यामागे अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाचा मोठा वाटा आहे. तापत चाललेल्या अरबी समुद्रात चक्रीवादळांचे प्रमाणही वाढले आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. १७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकत असताना सांताक्रूझ येथे २३० मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मे महिन्यातील हा पाऊस अभूतपूर्व होता. उथळ मुळांची केळी अशा वाऱ्यासमोर उभी राहत नाही.

भूमीवरील बदल त्याहून वेगवान आहे. १९९० मध्ये वसई-विरार उपप्रदेशासाठी सिडकोची नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. २००९ मध्ये वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली, आणि २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांच्या वर गेली. या वाढीबरोबर सखल खाचरांवर मातीभराव झाला, अनेक बावखले बुजविली गेली व ओहोळ अरुंद झाले. जुलै २०१८ च्या दुसऱ्या आठवड्यात नालासोपारा येथे रुळांवर पाणी साचून रेल्वे वाहतूक ठप्प झाली आणि वसई-विरारच्या अनेक भागांत वीज व पाणी यांचा पुरवठा खंडित झाला. ज्या पाण्याला पूर्वी खाचरात व बावखलात जागा होती, ते रस्त्यावर व घरांत शिरले. तेच पाणी न मुरता खाडीला मिळाल्यामुळे पुढील मे महिन्यात विहिरींना कमी पडते. जुलैचा पूर व मे महिन्याचा खारेपणा या दोन स्वतंत्र आपत्ती नसून एकाच बदलाच्या दोन बाजू आहेत.

या धोक्याची जाणीव नंदाखालच्या परिसराला नवी नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून भूजलाचा टँकरद्वारे होणारा उपसा व बेसुमार बांधकामे यांविरुद्ध लोकचळवळ उभी राहिली. तिचे नेतृत्व करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे नंदाखालचे सुपुत्र. पुढे २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. जुलै २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. एका साहित्यिकाला विहिरीच्या पाण्यासाठी रस्त्यावर उतरावे लागले, यावरून या प्रदेशात पाणी व संस्कृती यांचे नाते किती निकटचे आहे हे ध्यानात येते.

समारोप

नंदाखालच्या हवामानाचे वर्गीकरण पाठ्यपुस्तकाच्या भाषेत ‘उष्ण, दमट, मोसमी’ या तीन शब्दांत करता येईल. वरील विवेचनावरून मात्र असे दिसते की, या गावाचे ऋतुमान चार महिन्यांचा पाऊस, आठ महिन्यांचा कोरडेपणा आणि त्या दोहोंना जोडणारी भूमी या तीन घटकांनी मिळून घडते. यांपैकी पहिले दोन घटक मोसमी वाऱ्यांच्या हाती आहेत व जागतिक तापमानवाढीमुळे ते अधिक लहरी होत आहेत. तिसरा घटक मात्र स्थानिक समाजाच्या हाती आहे. आकाश अधिक बेभरवशाचे होत असताना भूमीची साठवणक्षमता घटविणे हे दुहेरी संकटास निमंत्रण होय. शिल्लक बावखलांची नोंद व राखण, सखल खाचरांतील जलमार्ग मोकळे ठेवणे आणि छपरावरील पाणी विहिरीत सोडणे हे उपाय खर्चिक नाहीत; त्यांना नियोजनात स्थान मिळण्याची गरज आहे.

या संदर्भात परिसरातील महाविद्यालयांना करण्याजोगे एक कार्य आहे. महाविद्यालयाच्या आवारात एक पर्जन्यमापक व कमाल-किमान तापमापक ठेवून दररोज सकाळी साडेआठ वाजता नोंद घेणे, आणि गावातील निवडक विहिरींची पाणीपातळी व क्षारता ऑक्टोबर, जानेवारी व मे अशी वर्षातून तीनदा मोजणे, हे भूगोल, रसायनशास्त्र व वनस्पतिशास्त्र या विभागांच्या विद्यार्थ्यांना सहज जमण्याजोगे आहे. दहा वर्षे सातत्याने ठेवलेली अशी नोंदवही नंदाखालविषयी जे सांगेल, ते चाळीस किलोमीटरांवरील कोणतीही वेधशाळा सांगू शकणार नाही. पाऊस किती पडला, याबरोबरच तो किती राहिला, हेही त्या नोंदवहीतून पुढील पिढीस कळेल.